धनुष्य हाती घेतलेला सर्जन

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले आणि तेव्हापासून आपल्याकडे तिरंदाजी म्हटलं की चाकं लावलेलं ते कंपाउंड धनुष्य डोळ्यांसमोर येतं. गंमत अशी की हे धनुष्य मुळात मैदानासाठी बनलंच नव्हतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ॲलन बाणाने हरणांची शिकार करायचा आणि त्याला वेगवान बाण हवा होता. आता पुढचा प्रश्न. बंदुका घरोघरी असलेल्या देशात लोक धनुष्य घेऊन जंगलात का जायला लागले? याचं उत्तर शोधत मागे गेलं की एका डॉक्टरचं नाव हमखास येतं. सॅक्स्टन पोप. व्हॅटिकनशी याचा काही संबंध नाही. हा सॅन फ्रान्सिस्कोचा सर्जन.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता चितळ, काळवीट, सांबर मारणं गुन्हा आहे, मग ते बंदुकीने असो नाहीतर बाणाने. त्यामुळे हे वाचून कुणी कात्रजच्या डोंगरात धनुष्य घेऊन जायचं नाही. पण पोपचं आयुष्य वाचण्यासारखं आहे, कारण त्याला आयुष्यभर एकच प्रश्न छळत राहिला. मारायचंच असेल, तर प्राण्याला कमीत कमी त्रास होऊन मरण कसं येईल? आणि हा प्रश्न तो शिकारी म्हणून कमी, डॉक्टर म्हणून जास्त विचारत होता.

पोपचा जन्म १८७५ चा, टेक्सासमधल्या फोर्ट स्टॉक्टनचा. वडील लष्करात सर्जन, त्यामुळे बालपण छावण्यांत गेलं. मोकळं रान, घोडे, सुऱ्या, दोऱ्या. हातात काही ना काही बनवत बसायची सवय तिथलीच. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातून तो डॉक्टर झाला, काही वर्षं वॉटसनव्हिल या लहान गावात प्रॅक्टिस केली आणि १९१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सर्जरी शिकवायला आला. तोवर धनुष्याशी त्याचा खास काही संबंध नव्हता. हॉस्पिटलच्या शेजारीच विद्यापीठाचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय होतं आणि त्या संग्रहालयात एक माणूस राहत होता. वस्तू म्हणून नाही, खरोखरचा, जिवंत माणूस.

संग्रहालयात राहणारा माणूस

२९ ऑगस्ट १९११ ला उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेरच्या एका कत्तलखान्याजवळ कुत्री भुंकायला लागली. बघितलं तर कुंपणाशी एक माणूस बसलेला. पन्नाशीच्या आसपासचा, उपासमारीने खंगलेला, केस जाळून आखूड केलेले. घरातलं माणूस गेल्याचं दुःख पाळायची ती त्यांची रीत. शेरीफने त्याला तुरुंगात ठेवलं, कारण दुसरं काय करायचं हे कुणालाच सुचेना. त्याची भाषा कुणाला येत नव्हती.

तो याही जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांनी १८६० च्या दशकात या जमातीच्या वस्त्याच्या वस्त्या मारल्या होत्या. उरलेली मूठभर माणसं डोंगरात लपून राहिली. १९०८ मध्ये सर्वेक्षण करणारी एक टोळी त्यांच्या लपलेल्या तळावर अचानक येऊन पोचली, आणि जाताना तिथली धनुष्यं, कातडी, भांडी, मिळेल ते उचलून घेऊन गेली. त्यानंतर तो माणूस एकटाच उरला. विद्यापीठातले वॉटरमन आणि क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ त्याला सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन आले. याहींमध्ये स्वतःचं नाव स्वतः सांगत नाहीत, म्हणून क्रोबरने त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. त्या भाषेत इशी म्हणजे माणूस. बस्स, एवढंच.

इशीला संग्रहालयात राहायला खोली मिळाली आणि झाडलोटीच्या कामाचा पगार मिळायला लागला. रविवारी लोक त्याला बाणाची पाती घडवताना बघायला गर्दी करायचे. काचेची बाटली फोडून तिच्या तुकड्यापासून हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देत देत तो इतकं नाजूक पातं काढायचा की बघणारे थक्क व्हायचे. हे सगळं आज वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, हे खरंच आहे. ज्याची सगळी माणसं मारली गेली त्याला काचेच्या कपाटांच्या घरात ठेवून रविवारी तिकडे फिरायला जायचं! पण इशीकडे दुसरीकडे जायला जागाही उरली नव्हती.

इशी सारखा आजारी पडायचा, कारण शहरातल्या रोगांशी त्याच्या शरीराची ओळखच नव्हती. पोप त्याचा डॉक्टर झाला. पोपला हातचलाखीचे खेळ यायचे, नाणं गायब करायचं वगैरे. इशीच्या मते तीच खऱ्या वैद्याची खूण. ऑपरेशन, भूल, टाके हे सगळं त्याने बघितलं होतं, पण छाप पडली ती नाणं गायब करण्याची. तो पोपला याही भाषेतल्या वैद्यासाठीच्या शब्दाने, कुवी म्हणून हाक मारायला लागला. हॉस्पिटलात तो सहज ये-जा करायचा. पेशंटच्या खाटेशी जाऊन उभा राहायचा. एकदा त्याने शवविच्छेदनाच्या खोलीतली प्रेतं पाहिली आणि तो फार हादरला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इशीचं धनुष्य

पोपने इशीला धनुष्य बनवताना पाहिलं आणि तो त्याचा विद्यार्थी झाला. चाळिशीकडे झुकलेला सर्जन, आणि शिकवणारा तो, ज्याला इंग्रजीचे मोजकेच शब्द यायचे. सुट्टीच्या वेळी दोघं हॉस्पिटलमागच्या झाडीत भटकायचे, बाण मारायचे. पोपने सगळं मोजून लिहून ठेवलं. इशीचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, पाठीला हरणाचे स्नायुबंध चिकटवलेले, साडेतीन फुटांच्या आसपास लांब. ओढायला साधारण ४० ते ४५ पौंड. म्हणजे तसं हलकंच. टांगलेल्या निशाण्यावर लांबून मारण्यात इशी फार मोठा तरबेज नव्हता, हेही पोपने स्पष्ट लिहिलंय. मग हा माणूस आयुष्यभर हरीण मारून जगला कसा?

जवळ जाऊन. हेच त्याचं सगळं शास्त्र. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. पहाटे ओढ्यात अंघोळ, अंगाला वासाच्या पाल्याने घासणं, उपाशीपोटी निघणं. ऐकायला विधी वाटतात, पण माणसाचा वास हरणाला पोचू नये ही त्यातली व्यवहाराची बाजू लगेच दिसते. वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हरणाच्या वाटेवर आडोसा करून बसायचं. भुसा भरलेलं हरणाचं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवून झुडपाआडून हळूच वर-खाली करायचं, म्हणजे कुतूहल वाटून हरीण स्वतःच जवळ येतं. सशासाठी बोटांवर ओठ दाबून पिल्लाच्या किंकाळीसारखा आवाज काढायचा. आणि मग दहा-वीस यार्डांवरून, म्हणजे आपल्या एखाद्या वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतरावरून, एक बाण.

मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा शाळकरी मुलगा असे सगळे इशीला घेऊन त्याच्या मूळ मुलखात, डियर क्रीकच्या खोऱ्यात गेले. इशीला सुरुवातीला जायचंच नव्हतं, तिथे त्याची सगळी मेलेली माणसं होती. पण गेल्यावर त्याने झऱ्यांपासून लपायच्या जागांपर्यंत सगळं दाखवलं.

दोन वर्षांत क्षयाने त्याचा घास घेतला. शेवटच्या आजारात पोप त्याच्याजवळ होता. २५ मार्च १९१६ ला इशी गेला. त्याच्या चितेवर धनुष्य, पाच बाण आणि ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली. पण त्याआधी शवविच्छेदन झालं. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता. असं करू नका म्हणून त्याने पत्र पाठवलं होतं, ते वेळेवर पोचलं नाही. इशीचा मेंदू काढून जपून ठेवला गेला आणि पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेला. तो त्याच्या लोकांच्या वंशजांकडे परत यायला २००० साल उजाडावं लागलं. प्रेतं बघून इशी किती हादरला होता हे पोपने स्वतः नोंदवलं होतं. तरीही त्याच्याच हॉस्पिटलात हे घडलं. माणूस म्हणून पोप आवडायला लागतो आणि नेमका इथे येऊन घास अडकतो.

बाण मारतो कसा?

इशीनंतर पोपने धनुष्य सोडलं नाही, उलट वेडच लागलं. तो इंग्रजी पद्धतीच्या लाँगबोकडे वळला. यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं, माणसाच्या उंचीचं, इशीच्या धनुष्यापेक्षा कितीतरी जड धनुष्य. संग्रहालयातली जगभरची धनुष्यं काढून त्याने ती ओढून, मारून, मोजून बघितली. एकदा त्याने पंधराव्या शतकातलं दमास्कसचं साखळ्यांचं चिलखत मागून आणलं. संग्रहालयातला एक कर्मचारी म्हणाला की मीच अंगात घालून उभा राहतो. पोपने नको म्हटलं आणि ते लाकडी खोक्यावर चढवलं. सात यार्डांवरून पोलादी टोकाचा बाण सोडला. ठिणग्या उडाल्या, बाण चिलखत आणि फळी भेदून आत घुसला. कर्मचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पोप पेशंट वाचवायला शिकलेला माणूस होता, हे त्या कर्मचाऱ्याचं नशीब.

आता मुद्द्याचं. गोळी आणि बाण यांचं मारणं वेगळं असतं. गोळी प्रचंड वेगाने शिरते आणि वाटेतल्या मांसाला, हाडाला जबर हादरा देत फाडते. बाणाकडे तो जोर नाही. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास जातो, गोळी त्याच्या दहा-वीस पट. बाण फक्त कापतो. म्हणजे जनावर मरतं ते रक्त वाहून. आणि इथे सर्जन कामाला आला. धारदार पात्याने सरळ कापलेली रक्तवाहिनी वाहत राहते. बोथट गोष्टीने चिरडलेली, फाटलेली वाहिनी आकसते आणि तिथे लवकर गुठळी धरते. नव्या ब्लेडने दाढी करताना कापलं की रक्त थांबता थांबत नाही, तसंच. त्यामुळे पोप पात्याच्या धारेबाबत अतिशय कडक होता. पोलादी, रुंद पाती तो स्वतः बनवायचा आणि कानसीने घासून घासून धारदार ठेवायचा. बोथट पातं लावून हरणावर बाण सोडणं म्हणजे त्याला हालहाल करून मारणं. आजचे शिकारीही हाच नियम सांगतात.

दुसरी गोष्ट फुप्फुसांची. छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुसं फुगलेली राहतात. छातीला भोक पडून हवा आत शिरली की फुप्फुस फुग्यासारखं बसतं. त्यात दोन्ही फुप्फुसांतून रक्तस्राव सुरू झाला की मेंदूला रक्त मिळेनासं होतं. असं हरीण धावतं, बहुतेक वेळा शंभरेक मीटरच्या आतच, आणि कोसळतं. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. कित्येकदा त्याला काय झालं हेही कळलेलं नसतं. बाण आरपार जातो, ते दचकतं, चार उड्या मारतं, थांबतं आणि पडतं.

मग बाण मारायचा कुठे? हरीण आडवं उभं असेल, म्हणजे त्याची पूर्ण कूस आपल्याकडे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर जायचं आणि छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे थांबायचं. फुप्फुसं तिथेच आणि हृदय जरा खाली. थोडं पुढे गेलं की खांद्याचं हाड, त्यात बाण अडकतो. थोडं मागे गेलं की पोट, आणि ती सगळ्यात वाईट जखम. हरीण किंचित पाठमोरं, तिरकं उभं असेल तर ते आणखी चांगलं. बाण मागच्या फासळ्यांतून शिरतो आणि पलीकडच्या खांद्याच्या दिशेने सगळी छाती पार करतो. शिवाय हरणाचे डोळे आपल्यावर नसतात.

समोरून तोंड करून उभं असेल? सोडायचा नाही. पूर्ण पाठमोरं? अजिबात नाही. आणि डोकं? सिनेमे बघून वाटतं की डोक्यात मारलं की संपलं. हरणाचा मेंदू मुठीएवढाही नसतो, भोवती कठीण कवटी, आणि मान सतत हलत असते. दोन इंच चुकलं तर जबडा तुटतो आणि ते हरीण उपाशी राहून कित्येक दिवसांनी मरतं. हे वाचल्यावर मला कळलं की सगळं भांडण या दोन इंचांचंच आहे.

पोटात बाण लागलेल्या हरणाची गोष्ट अशी की ते मरतं, पण तासन्‌तास लागतात. अशा वेळी मागे पळत सुटणं म्हणजे त्याला आणखी लांब पिटाळणं. ते धावत राहतं, रक्ताचा माग तुटतो, आणि कुठेतरी झुडपात मरून पडतं, कुणाला सापडतही नाही. म्हणून चांगला शिकारी बाण सोडल्यावर आधी खाली बसतो. छातीत लागल्याची खात्री असली तरी निदान अर्धा तास. मग रक्त बघतो. लालभडक आणि बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस, काळपट लाल असेल तर यकृत, हिरवट आणि घाण वास येत असेल तर पोट. पोट असेल तर आठ-दहा तास तिकडे फिरकायचंच नाही. अर्ध्या तासाचं हे बसणं बाण मारण्यापेक्षा अवघड असतं म्हणतात. आपल्याला मेसेजच्या दोन निळ्या रेघांची वाट बघवत नाही, तर हे काय!

आणि अंतर. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. तीस यार्डांवर म्हणजे नव्वद फुटांवर उभ्या हरणाच्या कानावर दोरीचा टणत्कार एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत पोचतो. पोपच्या काळच्या बाणाला तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागायचं. या मधल्या वेळात हरीण पळायला म्हणून आधी खाली दबतं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीवर लागतो नाहीतर वरून निघून जातो. ॲलनला वेगवान बाण हवा होता तो अशाच कारणांसाठी. इशीने यावर कुठलंही यंत्र न वापरता उत्तर काढलं होतं, ते म्हणजे दहा-वीस यार्ड.

गुरूचं हे एवढं मात्र शिष्याने पुरतं घेतलं नाही असं मला वाटतं. पोप आणि त्याचा शिकारी दोस्त आर्थर यंग साठ-सत्तर यार्डांवरून, कधी त्याहूनही लांबून हरणावर बाण सोडायचे. चुकलेल्या बाणांच्या हकिगती पोपने लपवलेल्या नाहीत, त्या भरपूर आहेत. आज अमेरिकेत शिकाऱ्यांना जे शिकवतात त्याप्रमाणे यातले कितीतरी बाण सोडायलाच नको होते. त्याचं म्हणणं असं होतं की बंदुकीच्या शिकारीत जखमी होऊन निसटणारी जनावरंही कमी नसतात आणि धारदार बाण नीट बसला तर तो गोळीइतकाच लवकर काम करतो. पण सगळा भार त्या नीट बसण्यावर आहे ना.

अस्वलं आणि सिंह

१९२० मध्ये पोप आणि यंग यलोस्टोनला गेले, ग्रिझली अस्वलं मारायला. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसला गोल्डन गेट पार्कमधल्या संग्रहालयासाठी नमुने हवे होते आणि त्यासाठी रीतसर परवानगी काढली होती. नेड फ्रॉस्ट नावाचा अनुभवी गाइड सोबत होता. अस्वलं खरोखर बाणांनी मारली गेली आणि पोप देशभर गाजला. राष्ट्रीय उद्यानातल्या अस्वलांना संग्रहालयासाठी मारायचं, ही कल्पनाच आज कुणी कागदावर मांडू शकणार नाही. तेव्हा मात्र ते रीतसर परवानगीने झालं.

१९२३ मध्ये त्याचं हंटिंग विथ द बो अँड ॲरो हे पुस्तक आलं. धनुष्य कसं बनवायचं, बाणाला पिसं कशी लावायची, पातं कसं घडवायचं, सगळं त्यात होतं आणि सुरुवात होती इशीपासून. अमेरिकेतल्या कितीतरी पोरांनी ते वाचून मागच्या अंगणात धनुष्यं बनवली. आजही ते छापलं जातं.

मग १९२५ मध्ये आफ्रिका. लेखक स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट आणि यंग यांच्यासोबत पोप आजच्या टांझानियात सिंह मारायला गेला. इथे त्याच्या सिद्धांताची खरी परीक्षा झाली. काही सिंह नुसत्या बाणांनी मेले. पण कित्येकदा व्हाइटच्या रायफलीने काम पुरं करावं लागलं, कारण बाण लागलेला सिंह हरणासारखा पळून जात नाही, तो अंगावर येतो. फुप्फुसातून बाण गेलेलं जनावर काही सेकंद जिवंत असतं, आणि सिंहाला तेवढे सेकंद पुरतात. बंदूक लागली हे पोपने जगापासून लपवून ठेवलं नाही. शिकारीच्या पुस्तकांत ही गोष्ट दुर्मिळच.

आफ्रिकेवरून आल्यावर वर्षभरातच, ८ ऑगस्ट १९२६ ला, तो न्यूमोनियाने गेला. पेनिसिलिनच्या आधीचे दिवस. वय ५० वर्षं. फुप्फुसांबद्दल इतकं जाणणाऱ्या माणसाला शेवटी फुप्फुसांनीच दगा दिला.

पुढचा इतिहास त्याने पाहिला नाही. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्याने हरीण मारण्यासाठी वेगळा हंगाम सुरू केला, तो अमेरिकेतला पहिला. पुढे एकेक राज्य त्या वाटेने गेलं. अनेक राज्यांत आता नियम आहेत की धनुष्य अमुक पौंडांपेक्षा हलकं नको, पातं अमुक इंचापेक्षा अरुंद नको, आणि आधी प्रशिक्षण घ्या. हे सगळे नियम शेवटी एकाच गोष्टीसाठी आहेत, बाण आरपार जावा आणि हरीण लवकर मरावं. १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स आणि त्याच्या साथीदारांनी पोप अँड यंग क्लब काढला. बाणाने शिकार करणारे जनावरांचे हाल करतात, या आरोपाला उत्तर द्यायचं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

तो आरोप मिटला असं मात्र नाही. ज्या इंग्लंडच्या लाँगबोच्या पोप प्रेमात पडला, तिथे धनुष्याने हरीण मारणं कायद्याने बंद आहे, ते याच कारणासाठी. रायफल चालते, बाण नाही. अमेरिकेत मात्र दर शरद ऋतूत लाखो लोक झाडावरच्या मचाणांवर धनुष्य घेऊन बसतात. दोन्ही देशांत माणसं हरणावर प्रेम असल्याचंच सांगतात. मी स्वतः हे लिहिता लिहिता तीनदा बाजू बदलली.

आणि ज्यांना मारायचंच नाही त्यांच्यासाठी थ्री-डी तिरंदाजी नावाचा प्रकार आहे, त्याच्याही जागतिक स्पर्धा होतात. जंगलात ठिकठिकाणी फोमची जनावरं उभी केलेली असतात, हरीण, अस्वल, रानडुक्कर. अंतर सांगत नाहीत, ते नजरेने ओळखायचं. जनावरावर रेषा आखलेल्या असतात. अंगावर कुठेही लागलं तर पाच गुण, आतल्या भागात आठ, त्याच्या आत दहा. आणि सगळ्यात लहान वर्तुळ अकरा गुणांचं. ते फोमच्या हरणावर कुठे असतं? पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूला.